बडोद्यात घर घेताय? दलालाकडून काय घ्यावं आणि काय घेऊ नये

डिसेंबरात माझा भाचा पुण्याहून बदलीवर बडोद्याला आला. आठवड्याभरात त्याचा फोन: "मामा, दलाल म्हणतोय, आज बाना द्या, बानाखत पुढच्या आठवड्यात, बीयू आलेलं आहे, दस्तावेज कमुरता उतरल्यावर. हो म्हणू का?" एवढ्या सगळ्यात त्याला नीट कळलेले शब्द म्हणजे शेवटचे तीन, कारण ते त्याचे स्वतःचे होते.

मी दांडिया बाजारात वाढलो. इतक्या वर्षांत एक घर विकलं, दोन घेतली आणि नात्यातल्या चार-पाच जणांसाठी दलालांच्या स्कूटरमागे गावभर हिंडलो. त्यावरून एक गोष्ट पक्की सांगतो. दलाल घर दाखवतो, दोन बाजू एका टेबलावर आणतो आणि त्या उठून जाऊ नयेत म्हणून धडपडतो. हे काम कठीण आहे, त्याचे पैसे त्याला मिळालेच पाहिजेत. पण कागद चोख आहेत याची हमी देणं हे त्याचं काम नाही. तो "टायटल क्लिअर छे" म्हणतो तेव्हा खोटं बोलत असतो असंही नाही. त्याला मालकाने तसं सांगितलेलं असतं, इतकंच. आपण मात्र ती हमी समजतो आणि तिथेच फसतो.

पहिली पायरी: शब्द समजून घ्या

महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला इथला व्यवहार नवा नसतो, त्याची भाषा नवी असते. आपण ज्याला इसार म्हणतो तो इथे बाना, अलीकडे सरळ टोकन. साठेखत म्हणजे बानाखत. खरेदीखत म्हणजे दस्तावेज, इथे "दस्तावेज झाला का?" असं विचारलं की बाकी कुठल्या कागदाबद्दल नव्हे, खरेदीखताबद्दलच विचारलेलं असतं. रेडी रेकनर, म्हणजे सरकारी दरपत्रक, ते इथे जंत्री. बांधकाम परवानगी म्हणजे रजाचिठ्ठी. भोगवटा प्रमाणपत्राला बीयू म्हणतात, बिल्डिंग यूज परमिशनचं ते छोटं रूप. घरपट्टी म्हणजे वेरो आणि तो भरायचा सेवासदनात, म्हणजे आपल्या महापालिकेत. वारसांची वंशावळ तलाठी करून देतो ते पेढीनामा. सातबारा मात्र सातबाराच आहे, आणि शहरात त्याच्या जागी सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड.

घरांची नावंही वेगळी. 'टेनामेंट' म्हटलं की पुण्या-मुंबईच्या माणसाला चाळ आठवते. बडोद्यात टेनामेंट म्हणजे स्वतःच्या प्लॉटवरचं बसकं, स्वतंत्र घर. 'डुप्लेक्स' म्हणजे रांगेतलं दुमजली घर. यांची जमीन वारात मोजतात, एक वार म्हणजे ९ चौरस फूट. दलाल "१२० वारनं टेनामेंट" म्हणाला तर त्यात बांधकाम किती, हे वेगळं विचारायचं.

दुसरी पायरी: दलाल कोणता

बडोद्यात दलाल एरियावार असतो. मांजलपूरचा दलाल तुम्हाला न्यू समा रोडवरचं घर दाखवेलही, पण ते त्याचं नसतं. त्याने ते व्हॉट्सअॅपवर दुसऱ्या दलालाकडून उचललेलं असतं, त्याने तिसऱ्याकडून. म्हणून एकच फ्लॅट तीन भावांत फिरताना दिसतो. भाच्याला मी एक प्रश्न पाठ करायला लावला: "चावी कोणाकडे असते?" ज्याच्याकडे चावी, त्याचं मालकाशी थेट बोलणं. बाकीचे मधले. मधल्या माणसाकडून घर घेऊ नये असं नाही, पण तुमची ऑफर मालकाच्या कानावर पोचेपर्यंत ती तीन तोंडांतून जाणार हे धरून चालायचं, आणि दलाली कितीजणांत वाटली जाणार ते तुमच्या खिशातून जात नाही ना, हे आधी बघायचं.

नव्या प्रोजेक्टमध्ये घर घेत असाल तर नियम कडक आहे. रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमनाचा कायदा, २०१६ चा, पूर्ण लागू झाला १ मे २०१७ पासून. नोंदणीकृत प्रोजेक्टमधलं घर विकायला मध्यस्थी करणाऱ्या दलालाची स्वतःची रेरा नोंदणी लागते. ती नसताना काम केलं तर दिवसाला १०,००० रुपये दंड, जो त्या मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत चढू शकतो. गुजरात रेराच्या संकेतस्थळावर दलालाचं नाव टाकून बघता येतं. त्याचा क्रमांक एजी/जीजे ने सुरू होतो, प्रोजेक्टचा पीआर/जीजे ने. दलालाने प्रोजेक्टचा क्रमांक दाखवून "आ रह्यो रेरा नंबर" म्हटलं तर तो बिल्डरचा आहे, त्याचा नाही. ही चलाखी मी दोनदा पाहिली.

जुन्या, म्हणजे रिसेलच्या घराला ही चौकट तशी लागत नाही. तिथे दलालाची परीक्षा साधी: त्याने गेल्या वर्षी ज्यांना घर दिलं अशा दोघांशी बोलणं करून दे म्हणावं. चांगला दलाल लगेच फोन लावतो. दुसरा म्हणतो, "साहेब, विश्वास राखो."

आपल्याकडे आणखी एक सवय आहे, मराठी दलाल शोधायची. भाषेची सोय होते, नाकारत नाही. पण कोकणस्थ आहे की कच्छी, याने प्रॉपर्टी कार्डावरचं नाव बदलत नाही.

तिसरी पायरी: दलाली आधी बोला, घर नंतर बघा

खरेदी-विक्रीत इथला प्रघात दोन्ही बाजूंकडून १-१ टक्का. भाड्याच्या घराला पंधरा दिवस ते एक महिन्याचं भाडं. प्रघात म्हणजे कायदा नव्हे. मोठ्या रकमेवर घासाघीस होते आणि ती पहिल्या भेटीतच करायची असते, घर आवडल्यावर नाही. दलालाचा जीएसटी नंबर असेल तर दलालीवर १८ टक्के वेगळे लागतात. ५५ लाखांच्या घराला ५५,००० दलाली आणि वर ९,९०० जीएसटी. हे ९,९०० भाच्याला दस्तावेजाच्या दिवशी कळले असते तर तो हिरमुसला असता. मी आधीच विचारायला लावलं होतं.

दलाली कधी द्यायची, हेही लिहून घ्या. व्हॉट्सअॅपवरचा एक संदेश पुरे: "अमुक घराच्या खरेदीची दलाली १ टक्का, दस्तावेज नोंदल्यावर देय." काही दलाल अर्धी बानाखताला मागतात. वेगळं काही ठरलेलं नसेल तर १८७२ च्या करार कायद्याचं कलम २१९ सांगतं की एजंटचा मोबदला काम पुरं झाल्यावर देय होतो. पण पुढे "काम पुरं म्हणजे बानाखत की दस्तावेज" यावर वाद घालत बसण्यापेक्षा एक ओळ लिहिलेली बरी.

आणि एक गणित डोक्यात ठेवा. तुम्ही भावात दोन लाख पाडलेत तर दलालाचे प्रत्येक बाजूचे दोन हजार कमी होतात. सौदाच मोडला तर त्याचे दोन्हीकडचे पंचावन्न-पंचावन्न हजार जातात. म्हणजे तो तुमच्या बाजूचाही नाही आणि मालकाच्या बाजूचाही नाही, तो सौद्याच्या बाजूचा आहे. हे कळलं की त्याच्यावर रागावायचं कारण उरत नाही. तुम्ही जास्तीत जास्त किती देऊ शकता, हा आकडा त्याला सांगायचा नाही, बस.

चौथी पायरी: घर बघणं

इथे सावकाश चला. दलाल एका संध्याकाळी पाच घरं दाखवतो, आणि त्याला जे विकायचं असतं ते बहुधा चौथं असतं. पहिली तीन बघून माणूस दमलेला आणि थोडा निराश असतो, चौथं त्याला बरं वाटतंच.

भाच्याला दाखवलेला फ्लॅट वासणा-भायली रोडवरचा, "१४५० फूट, ३ बेडरूम". मी टेप घेऊन गेलो. दलाल हसला. आतल्या भिंतींच्या आतलं मोजलं तर कार्पेट ८२० च्या आसपास भरलं. १४५० हा सुपर बिल्ट-अप होता. त्यात जिना, लिफ्ट, लॉबी, जनरेटरची खोली, सगळ्यांचा वाटा. ५५ लाखांत तो दर १४५० वर काढला तर फुटाला ३,८०० च्या आत, कार्पेटवर काढला तर ६,७०० रुपये. घर तेच, पण शेजारच्या स्कीमशी तुलना करायची तर कार्पेटवरच करावी लागते. रेरामध्ये नोंदलेल्या प्रोजेक्टला कार्पेट जाहीर करावंच लागतं, ते संकेतस्थळावर असतं. रिसेलला टेप.

बडोद्यात दुसरा प्रश्न पाण्याचा. नळाच्याही, पण मला म्हणायचंय विश्वामित्रीच्या. ३१ जुलै २०१९ ला आणि मग ऑगस्ट २०२४ मध्ये नदी शहरात शिरली, मगरी सोसायट्यांच्या आवारात सापडल्या, तळमजले आणि पार्किंगमधल्या गाड्या दिवसच्या दिवस पाण्यात होत्या. दलालाला विचारलंत तर "आपल्या एरियामां पाणी नथी आवतु" हे उत्तर ठरलेलं. म्हणून त्याला विचारूच नका. दुसऱ्या दिवशी एकटे जा, वॉचमनजवळ उभे राहा, आणि "२०२४ ला पाणी कुठपर्यंत होतं?" असं विचारा. "आलं होतं का" नव्हे, "कुठपर्यंत होतं". भाच्याच्या वॉचमनने काही न बोलता मीटरच्या पेटीखाली भिंतीवर बोट ठेवलं. तिथे रंग नवा होता. तो फ्लॅट सोडला, त्याच रोडवर उंचावरची दुसरी स्कीम बघितली.

तिसरा प्रश्न दलालच तुम्हाला विचारेल: "वेज के नॉनवेज?" मासे खाणाऱ्या मराठी घराला याचं पहिल्यांदा हसू येतं, मग राग येतो. बऱ्याच सोसायट्यांत ही अलिखित अट असते. खरं उत्तर द्या. दलाल त्याप्रमाणे यादी बदलतो आणि तुमचाही पुढचा मनस्ताप वाचतो.

पाचवी पायरी: भाव

मुहूर्ताचा बाजारावर किती परिणाम होतो हे इथे आल्याशिवाय समजत नाही. श्राद्धाच्या पंधरवड्यात आणि डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत, कमुरतात, नवे सौदे थंडावतात. दसरा, धनतेरस, अक्षय्य तृतीया या दिवसांत बिल्डर वर मान करून बघत नाहीत. ज्याला मुहूर्ताचं वावडं नाही त्याने कमुरतात भाव बोलावा आणि दस्तावेज संक्रांतीनंतर करावा. भाच्याने तेच केलं, आणि घासाघिशीत दलालाचा खरा उपयोग झाला. मालक ५८ वर अडून होता. दलाल त्याच्या घरी दोनदा जाऊन चहा पिऊन आला, तिसऱ्यांदा ५५ चा निरोप घेऊन आला. समोरासमोर बसलो असतो तर आम्ही दोघंही हट्टाला पेटलो असतो. या कामासाठी १ टक्का मला कधी जड वाटत नाही.

मग येतो "थोडा वर, थोडा खाली"चा विषय: दस्तावेजात इतके, बाकी रोख. दलाल हे हवापाण्यासारखं बोलतो. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्यात मनाई आहे. रोख घेणाऱ्याला घेतलेल्या रकमेइतकाच दंड होऊ शकतो. दस्तावेजाची किंमत जंत्रीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त खाली गेली तर तो फरक घर घेणाऱ्याचं उत्पन्न धरून त्यावर कर लागू शकतो. गुजरातची जंत्री २०११ नंतर थेट १५ एप्रिल २०२३ पासून वाढली, तेव्हा पूर्वीइतकी पोकळी आता उरलेलीही नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, सौदा फिसकटला तर रोख दिल्याचा पुरावा काय? दलाल साक्षीदार म्हणून उभा राहील या भ्रमात राहू नका.

सहावी पायरी: बाना आणि बानाखत

बाना लहान ठेवा, चेकने द्या, आणि मालकाच्याच नावाने द्या. दलालाच्या खात्यात कधीही नाही.

दांडिया बाजारचं घर विकताना आम्हीच हे शिकलो. गिऱ्हाइकाने दिलेला बाना दलालाने "माझ्याकडे सेफ राहील" म्हणून स्वतःकडे ठेवला. पुढे कागदांना उशीर झाला, गिऱ्हाईक मागे फिरलं, त्याने आमच्याकडे पैसे मागितले. आमच्याकडे पैसे आलेच नव्हते. तो दलाल फोन उचलेनासा झाला. शेवटी आम्ही पदरचे घालून त्या माणसाला परत केले, कारण पावतीवर सही माझ्या मोठ्या भावाची होती.

बान्याच्या पावतीवर घराचा पत्ता, ठरलेली एकूण किंमत, कार पार्किंगसह काय-काय मिळणार, बानाखताची तारीख आणि सर्वांत महत्त्वाची ओळ लिहून घ्या: टायटल चोख निघालं नाही किंवा बँकेने कर्ज नाकारलं तर बाना अमुक दिवसांत परत. दलालाला ही ओळ आवडत नाही. लिहायला लावा.

नवीन प्रोजेक्ट असेल तर बिल्डर करार नोंदल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त घेऊ शकत नाही. बीयू नसलेल्या घरावर ५ टक्के जीएसटी (परवडणाऱ्या घरांत बसत असेल तर १ टक्का), बीयू आल्यावर विकलेल्या घरावर नाही. म्हणून "बीयू आलेलं आहे" हे ऐकलं की बीयूची प्रत मागायची आणि तीवरचा ब्लॉक नंबर वाचायचा. ए आणि बी ब्लॉकला आलेलं असतं, तुमचं घर डी मध्ये असतं.

सातवी पायरी: वकील तुमचा, कागद सगळे

दलाल म्हणेल, "आपला वकील छे, एने बधुं खबर छे." त्याला खबर असेलही. तरी आपला वकील वेगळा करा. हा खर्च दलालीच्या मानाने किरकोळ असतो, आणि घरात सगळ्यांत आधी लोक हाच वाचवतात.

वकील साधारण तीस वर्षांचा शोध घेतो: मागचे सगळे दस्तावेज, इंडेक्स-२ म्हणजे नोंदलेल्या दस्तावेजाचा सरकारी उतारा, प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा आणि त्यातल्या फेरफार नोंदी, जमीन बिनखेती म्हणजे एनए झाल्याचा हुकूम, रजाचिठ्ठी, बीयू, वेऱ्याची पावती, सोसायटीचं ना-हरकत आणि शेअर सर्टिफिकेट, कर्ज असेल तर बँकेचं पत्र. गुजरातीतून वर्तमानपत्रात जाहीर नोटीसही तो देतो, कुणाचा हक्क असेल तर पुढे यावं म्हणून. सातबारा एनीआरओआर आणि नोंदणीचे तपशील गरवी या सरकारी संकेतस्थळांवर तुम्हालाही घरबसल्या बघता येतात. बघाच. मालक म्हणून दलालाने ज्याची ओळख करून दिली त्याचं नाव तिथे आहे का, एवढं बघायला वकील लागत नाही.

शहराबाहेर "वीकएंड प्लॉट" दाखवला तर एक प्रश्न: एनए आहे का? "थई जशे", होऊन जाईल, हे उत्तर नव्हे. गुजरातेत शेतजमीन शेतकरी नसलेल्याला घेता येत नाही.

बडोद्यात अनेक घरांचे मालक अमेरिकेत असतात आणि इथे मेव्हणा मुखत्यारपत्र घेऊन बसलेला असतो. परदेशात केलेलं मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून किंवा अपोस्टिलने, म्हणजे त्या देशाच्या सरकारी शिक्क्याने, प्रमाणित झालेलं आणि भारतात आल्यावर तीन महिन्यांत मुद्रांकित झालेलं हवं. मालकाशी एकदा व्हिडिओवर बोला, तोंड बघून. आणि "मुखत्यारपत्रावरच घर नावावर करून घ्या, दस्तावेजाचा खर्च वाचेल" असं कुणी सुचवलं तर लगेच उठा. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केलंय की तसं मालकी हक्काचं हस्तांतर होत नाही.

आता अशांत धारा. महाराष्ट्रातून आलेल्यांना हा शब्द कधी कानावर पडलेला नसतो. १९९१ चा गुजरातचा कायदा आहे. सरकारने 'अशांत' म्हणून जाहीर केलेल्या विभागांत कलेक्टरची पूर्वपरवानगी घेतल्याशिवाय घर विकता येत नाही, आणि विकलं तर तो व्यवहार रद्दबातल ठरतो. विक्री राजीखुशीने आणि वाजवी भावात होतेय का, हे महसूल आणि पोलीस खात्याकडून तपासलं जातं. बडोद्याच्या जुन्या शहराचा मोठा भाग यात येतो, बाहेरच्याही काही वस्त्या येतात, आणि यादी वेळोवेळी वाढते. दलालाच्या तोंडून "अहीं लागू नथी पडतु" ऐकून थांबू नका, कलेक्टर कचेरीतून सर्व्हे नंबर घालून विचारा. या कायद्याबद्दल माझी मतं आहेत, पण घर घेणाऱ्याला मतांपेक्षा परवानगीचा कागद लागतो.

दांडिया बाजारचं आमचं घर विकायला काढलं तेव्हा दलालाने बारा दिवसांत गिऱ्हाईक आणलं. आम्ही पेढे वाटायचे बाकी होतो. मग प्रॉपर्टी कार्ड काढलं, तर त्यावर अजून आजोबा. वडील जाऊन नऊ वर्षं झालेली, आजोबांना जाऊन चाळीस. पेढीनामा करायला आत्याच्या मुलांचे दाखले लागले. एक ग्वाल्हेरला, एक नागपूरला. धाकट्या बहिणीने हक्क सोडल्याचा दस्तावेज नोंदवायला ती इंदूरहून दोनदा आली, कारण पहिल्यांदा आधारवर सासरचं नाव आणि पॅनवर माहेरचं होतं. वारसांची नावं कार्डावर चढली तेव्हा कुठे परवानगीचा अर्ज करता आला. बारा दिवसांत गिऱ्हाईक, आणि कागदांना चौदा महिने. पहिलं गिऱ्हाईक गेलं ते वर सांगितलंच. दुसरं दुसऱ्या दलालाने आणलं, तोवर कागद फाइलीत तयार होते, आणि सौदा तीन आठवड्यांत उरकला. विकायचं असेल तर दलालाला फोन करण्याआधी प्रॉपर्टी कार्ड काढा. त्यावर तुमचंच नाव असेल तर पुढचं वाचा, नसेल तर आधी तेच काम हाती घ्या.

आठवी पायरी: दस्तावेजाचा दिवस

खर्चाचा हिशेब आधी मांडून ठेवा. गुजरातेत मुद्रांक शुल्क ४.९ टक्के, म्हणजे मूळ ३.५ आणि त्यावर ४० टक्के अधिभार. नोंदणी फी १ टक्का, पण खरेदीदार फक्त स्त्री असेल तर ती माफ. नवरा-बायकोच्या जोड नावावर घेतलं तर ही माफी मिळत नाही. भाच्याच्या ५५ लाखांना मुद्रांक झाला २,६९,५००. नोंदणी फी झाली असती ५५,०००. दस्तावेज बायकोच्या एकटीच्या नावावर झाला, वाचली. तिची आई फोनवर इतकी खूश झाली की जावयाची बडोद्याची बदली तिने अखेर माफ केली.

किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर विकणाऱ्याला द्यायच्या रकमेतून १ टक्का कर घेणाऱ्याने कापायचा आणि ज्या महिन्यात कापला तो महिना संपल्यापासून ३० दिवसांत सरकारात भरायचा. विकणारा अनिवासी असेल तर हा १ टक्क्याचा नियम चालत नाही, कितीतरी जास्त कापावं लागतं. तिथे सीएला विचारल्याशिवाय चेक लिहू नका. न कापलेला कर तुमच्याकडून वसूल होतो, दलालाकडून नाही.

सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत दलाल खरा उपयोगी पडतो. टोकनची वेळ कोणती, कुठल्या खिडकीला उभं राहायचं, दोन साक्षीदारांची ओळखपत्रं, मालकाच्या आईला जिना चढवणार कोण, हे सगळं तो न सांगता करतो. सही करण्याआधी मात्र दस्तावेज पूर्ण वाचा. गुजरातीत असेल तर वाचता येणारा सोबत न्या. क्षेत्रफळ, चतुःसीमा, पार्किंगचा क्रमांक, चेकचे क्रमांक. आमच्या दस्तावेजात उत्तर आणि दक्षिण अदलाबदल झाली होती. टाइपिस्टने दोन मिनिटांत दुरुस्त केलं. नोंदल्यानंतर तेच दुरुस्त करायला वेगळा दस्तावेज करावा लागला असता.

शेवटचा चेक आणि चाव्या एकाच वेळी हस्तांतरित करा. सगळे मूळ जुने दस्तावेज त्याच वेळी मोजून घ्या. दलालीचा चेक त्यानंतर, आणि पावती घेऊन.

नववी पायरी: नंतरची वणवण

इथे दलालाचा रस संपतो आणि तुमचं काम उरतं. सेवासदनात वेऱ्यावर नाव, सोसायटीत शेअर सर्टिफिकेट, वीज मध्य गुजरात वीज कंपनीकडे, पाइपचा गॅस वडोदरा गॅसकडे. प्रत्येक ठिकाणी इंडेक्स-२ लागतो, त्याच्या चार-पाच प्रती काढून ठेवा. दलालीचं बोलणं करतानाच "वेरो आणि मीटर तुमच्या माणसाकडून करून द्यायचं" अशी अट घातली तर बरेच दलाल तयार होतात, कारण त्यांच्याकडे एक मुलगा या कामासाठी असतोच.

भाच्याने ही अट घालायची राहून गेली. मी सांगायला विसरलो होतो. वेऱ्यावर नाव लागलं, सर्टिफिकेट आलं, पण विजेचं बिल अजून जुन्या मालकाच्या नावाने येतं, आणि दर दोन महिन्यांनी तो भाच्याला विचारतो, "बिल भरलंस ना?"